घंटा नसलेला मनोरा

नाशिकला पंचवटीत, गोदावरीच्या काठावर नारोशंकराचं देऊळ आहे. त्याच्या तटावर दर्शनी बाजूला एक प्रचंड घंटा टांगलेली आहे. माझं आजोळ तिथून पाच मिनिटांवर. उन्हाळ्याच्या सुट्टीत रामकुंडावर जाताना आजी त्या घंटेखाली थांबायची, हात जोडायची आणि म्हणायची, "ही वसईची हो. चिमाजी आप्पांनी फिरंग्यांना हरवून आणली." कुणी फार मोठ्यानं बोललं की नाशकात त्याला 'नारोशंकराची घंटा' म्हणतात, इतकी ती घरातली झाली आहे. तिच्यावर १७२१ हे साल आहे. देऊळ १७४७चं, म्हणजे घंटा देवळापेक्षा वयानं मोठी.

घंटा इथे आली, मग ती ज्या मनोऱ्यात होती तो कुठे आहे, हा प्रश्न मला आजीला विचारायचा राहूनच गेला. पुढे लग्न होऊन मी माहीमला आले. इथून वसई काही लांब नाही, तरी किल्ल्याकडे नीट बघायला म्हणून कधी गेले नव्हते.

यंदा फेब्रुवारीत मामा डोळे दाखवायला मुंबईत आले. वय बहात्तर. सगळं आयुष्य दगडकामात गेलं: घाटांच्या पायऱ्या, वाड्यांची जोती, देवळांच्या ओवऱ्यांची दुरुस्ती. तपासणी गुरुवारीच उरकली आणि रविवार संध्याकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसचं तिकीट हातात होतं. जेवताना म्हणाले, "पोरी, तीन दिवस आहेत. मला वसई दाखव. साठ वर्षं घंटा बघतोय, तिचं घर बघायचं राहिलंय."

मी म्हटलं, "मामा, वसई उद्या नको, परवा. आधी आपल्या दारातली खाडी बघू. त्याशिवाय वसई कळायची नाही."

शुक्रवार : माहीम आणि वांद्रे

सकाळी सातला माहीमच्या किनाऱ्यावर गेलो. ओहोटी होती. किल्ल्याच्या पायाशी काळे खडक उघडे पडले होते आणि त्यांत पाणी अडकून राहिलं होतं. समोर खाडीपलीकडे वांद्रं. आज मधे कॉजवे आहे, लोकलचे पूल आहेत, पलीकडे सी लिंक आहे. म्हणून हे पाणी म्हणजे सीमा होती यावर चटकन विश्वास बसत नाही.

पण सीमा होती. गुजरातच्या सुलतान बहादूरशहानं डिसेंबर १५३४ मध्ये वसई आणि तिच्या ताब्यातला सगळा मुलूख पोर्तुगिजांना दिला. त्यात मुंबईची बेटंही आली. पुढे १६६१ मध्ये पोर्तुगालच्या राजकन्येचं इंग्लंडच्या राजाशी लग्न ठरलं, तेव्हा मुंबई आंदणात गेली. प्रत्यक्ष ताबा मिळायला १६६५ उजाडलं, आणि तेव्हाही भांडण लागलं ते या माहीमवरून. पोर्तुगीज म्हणत, माहीम हे वेगळं बेट, ते आम्ही दिलेलंच नाही. इंग्रजांचं उत्तर असं की ओहोटीला मुंबईहून माहीमला चालत जाता येतं, मग ते वेगळं बेट कसलं? शेवटी माहीम इंग्रजांनी घेतलं. पलीकडचं साष्टी बेट आणि त्यावरचं वांद्रं पोर्तुगिजांकडे राहिलं. त्यानंतर सत्तर-पंचाहत्तर वर्षं या खाडीच्या दोन काठांवर दोन युरोपी सत्ता एकमेकींकडे तोफा रोखून बसल्या होत्या.

मामा ओल्या खडकांवरून सांभाळून पुढे गेले आणि तटाच्या तळाला हात लावला. माहीमच्या तटाच्या पायाला लाटांनी खाल्लं आहे. खालच्या दोन-तीन थरांतला चुना धुऊन गेलाय, दगड नुसते एकमेकांच्या भारावर बसलेत. "वरून भिंत बरी दिसते," मामा म्हणाले, "पण हिचे पाय गेलेत. दगड पडण्याआधी दरज जाते. दरजेतून पाणी आत शिरलं की संपलं." 'दरज' हा त्यांच्या तोंडी दिवसातून पन्नासदा येणारा शब्द. दोन दगडांमधली सांध. माणसं दगड बघतात, मामा दरज बघतात.

याच किल्ल्यावर १६८९ मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान चालून आला आणि त्यानं माहीम घेतलं. आता किल्ल्यातल्या झोपड्या हलवल्या आहेत, तिथल्या कुटुंबांना दुसरीकडे घरं दिली आहेत. मी इतकी वर्षं शेजारी राहते, पण तट असा मोकळा पहिल्यांदा पाहिला.

दुपारी कॉजवेनं वांद्र्याला. हा कॉजवे १८४५चा. त्यासाठी जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाई यांनी १,५७,००० रुपये दिले. वांद्र्याच्या टोकावरचा किल्ला पोर्तुगिजांनी १६४० मध्ये बांधला. नाव 'आग्वाद', म्हणजे पाणी भरून घ्यायची जागा. ये-जा करणाऱ्या जहाजांना इथे गोडं पाणी मिळायचं. आज तिथे कमान आणि तटाचे तुकडे एवढंच आहे. कॉलेजची मुलं पायऱ्यांवर बसून सी लिंककडे बघत असतात.

मामांनी विचारलं, "एवढं कशानं पडलं? समुद्रानं?"

समुद्रानं नाही. १७३९ मध्ये मराठे वसईपर्यंत आले, तेव्हा इंग्रजांना भीती वाटली की वांद्र्याचा हा किल्ला त्यांच्या हाती लागला तर तोफा थेट माहीमवर येतील. म्हणून त्यांनी पोर्तुगिजांच्या संमतीनं तो सुरुंग लावून उडवला. शेजाऱ्याचा किल्ला तिसऱ्याच्या भीतीनं पाडला.

मामा कमानीखाली बराच वेळ उभे राहिले. "म्हणजे वसईच्या लढाईत इथले दगड पडले," एवढंच म्हणाले. म्हणूनच मला त्यांना आधी इथे आणायचं होतं.

शनिवार : वसई

लोकलनं भाईंदर, तिथून रिक्षानं जेट्टी आणि जेट्टीवरून रो-रो बोट. ही बोट फेब्रुवारी २०२४ पासून सुरू आहे. गाडीनं जायचं तर घोडबंदरचा मोठा वळसा पडतो, बोटीनं खाडी ओलांडली की वसई. किल्ल्याकडे पाण्यातूनच जावं असं मला वाटत होतं, कारण ज्यांनी तो बांधला ते पाण्यातूनच आले होते.

बोट मधे आली तशी डावीकडे खाडीचं तोंड दिसू लागलं. उत्तनजवळ चौक नावाचं गाव आहे, तिथल्या टेकाडावर धारावीचा किल्ला होता. झोपडपट्टीची धारावी ही नव्हे. नावं सारखी असल्यामुळे नेहमी घोटाळा होतो. हा किल्ला मराठ्यांनी वसईच्या आधी घेतला. तिथे तोफ चढवली की खाडीत शिरणारं प्रत्येक गलबत माऱ्यात येतं. वसईला समुद्राकडून मिळणारी रसद कशी तुटली असेल, ते बोटीच्या कठड्याला टेकून बघताना मला समजलं. कागदावर वाचून ते इतकं स्पष्ट झालं नव्हतं.

मग ताडांच्या वर राखाडी काहीतरी दिसलं. मामांनी चष्मा पुसला. "तो बघ," म्हणाले.

किल्ल्याच्या एका अंगाला किल्लाबंदर, दुसऱ्या अंगाला पाचूबंदर. दोन्ही कोळीवाडे. बांबूंच्या वलांड्यांवर बोंबील वाळत होते आणि बाया टोपल्या घेऊन बसल्या होत्या. आत शिरायला दोन दरवाजे, एक समुद्राकडचा आणि एक जमिनीकडचा. आत रस्ता, त्यावर दुचाक्या, झाडी, आणि झाडीत छप्पर नसलेल्या भिंती. हा नुसता किल्ला नव्हता, तटाच्या आत वसलेलं शहर होतं. चर्चं, मठ, दवाखाना, तुरुंग, श्रीमंतांचे वाडे, सगळं आत. कोकणच्या या पट्ट्यातली पोर्तुगीज सत्ता, म्हणजे पुढच्या काळात ज्याला ते उत्तरेचा प्रांत म्हणत, त्याची ही राजधानी. दोनशे पाच वर्षं त्यांच्याकडे होती.

मला ज्याच्यासाठी यायचं होतं तो मनोरा सेंट जोसेफच्या चर्चचा. हे इथलं मुख्य चर्च. सुरुवात सोळाव्या शतकाच्या मध्यात झाली आणि १६०१ मध्ये ते नव्यानं वाढवून बांधलं. दारावरच्या दगडात हे साल कोरलेलं आहे, सोबत तेव्हाचे गोव्याचे आर्चबिशप आलेश द मेनेझिस यांचं आणि इथल्या धर्मगुरूंचं, पेद्रू गाल्व्हांव परेरा यांचं नाव. हे परेरा १६१८ मध्ये वारले आणि त्यांना याच चर्चमध्ये पुरलं. मराठी इतिहासात मध्ययुगाची हद्द आपण पेशवाईच्या अखेरीपर्यंत नेतो. त्या हिशेबानं हा मनोरा आपल्या मध्ययुगातलाच.

चर्चला छप्पर उरलेलं नाही. वर आभाळ, खाली गवत, मधे एका बाजूला दोन पारवे. पण दर्शनी भिंत उभी आहे आणि तिच्या अंगाला लागून चौकोनी मनोरा. खाली जाड, मजबूत भिंत, वर कमानीच्या खिडक्या. त्या वरच्या कमानींतून आरपार निळं आभाळ दिसतं.

"तिथे असावी," मी म्हटलं.

मामा काही बोलले नाहीत. पाठीवर हात बांधून मनोऱ्याभोवती जेवढं फिरता येईल तेवढं फिरले. मग खिशातून एक रुपयाचं नाणं काढून दगडावर हलकेच वाजवू लागले. कान लावून ऐकायचे, दोन पावलं सरकायचे, पुन्हा वाजवायचे. दगड आतून सुटला असेल तर बद्द आवाज येतो, घट्ट असेल तर टणक येतो. "तळ चांगला आहे," त्यांनी निकाल दिला.

भिंतीचा सगळा दगड घडीव नाही, हे त्यांनी दाखवेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. भिंतीचं पोट ओबडधोबड दगड आणि चुना घालून भरलेलं. कोपरे, खिडक्यांच्या चौकटी आणि कमानी मात्र ताशीव चिऱ्यांच्या. "जिथे भार वळतो तिथे खर्च केलाय," मामा म्हणाले. "मधलं पोट भरावाचं, वर गिलावा. आपल्याकडे वाड्यात असंच करायचे." एके ठिकाणी गिलावा पडून दरज उघडी होती. त्यांनी मला जवळ बोलावलं. चुन्यात पांढऱ्या चकचकीत कपच्या दिसत होत्या, नखाएवढ्या. शिंपले. किनाऱ्यावर चुनखडी कुठून आणणार? शिंपले भाजून त्यांचाच चुना. नीट न भाजलेला एखादा तुकडा तसाच राहून जातो. चारशे वर्षांपूर्वी कुठल्या तरी वसईकर मजुरानं किनाऱ्यावरून गोळा करून आणलेला शिंपला माझ्या बोटाखाली होता. बांधणारे पोर्तुगीज होते असं आपण म्हणतो. हुकूम त्यांचा होता, हात इथल्याच माणसांचे होते.

जिना मनोऱ्याच्या आत आहे, चक्री. दाराशी वाकून आत पाहिलं. वटवाघळांचा उग्र वास आणि अंधार. पहिल्या पाच-सहा पायऱ्यांवर उजेड पडत होता. मामा त्या उजेडात गुडघ्यावर बसले आणि मला पायरी कशी आहे ते दाखवलं. बाहेरचं टोक रुंद, भिंतीत घुसवलेलं. आतलं टोक अरुंद आणि गोल घडवलेलं. दुसरी पायरी पहिलीवर बसते तेव्हा ही गोल टोकं एकावर एक येतात आणि त्यांचाच मधला खांब होतो. वेगळा खांब उभारावाच लागत नाही. जिना चढत जातो तसा आपला आधार आपणच रचत जातो. मी आयुष्यात कितीतरी किल्ल्यांचे जिने चढले, पण हे मला कुणी दाखवलं नव्हतं. पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्या आहेत. घंटा वाजवणारा माणूस रोज किती वेळा वर-खाली करत असेल! पहाटेची, दुपारची, संध्याकाळची प्रार्थना, कुणाची मयत, सण, शत्रू दिसला तर इशारा. शहराचा दिवस त्या घंटेवर चालायचा.

आम्ही वर गेलो नाही. पायऱ्यांचा भरवसा वाटला नाही, आणि मामांचं स्पष्ट मत पडलं की जुन्या जिन्यावर आपल्या हौसेचा भार घालू नये. तेवढ्यात चार मुलं हसत-खिदळत आत शिरू लागली. मामांनी त्यांना थांबवलं, रागावून नाही, पायरी दाखवून. जे मला सांगितलं तेच त्यांनाही सांगितलं. मुलं ऐकत उभी राहिली. एकानं पायरीचा फोटो काढला आणि चौघं मागे फिरली.

पण जिन्याच्या तोंडाशी भिंतीवर नावं कोरलेली होती. बदाम, बाण, इंग्रजी अक्षरं, तारखा. चावीनं किंवा खिळ्यानं चुना खरवडून कोरलेली. दरज जिथे नाजूक असते नेमकं तिथेच कोरायला सोपं जातं. मला मनापासून संताप आला. या भिंती संरक्षित आहेत, फलक लावलेले आहेत, वसईची कितीतरी मंडळी सुट्टीच्या दिवशी येऊन स्वच्छता करतात, गवत काढतात. आणि त्यातल्याच कुणाच्या शेजाऱ्याचा मुलगा इथे नाव कोरून जातो. मामांनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. "पाऊस इथून आत जाणार," म्हणाले.

दुपारी डबा खाल्ला तो गोन्सालो गार्सियांच्या चर्चपाशी. गोन्सालो गार्सिया वसईचे. आई इथली, वडील पोर्तुगीज. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमध्ये नागासाकीला त्यांना क्रुसावर मारलं आणि १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं. भारतात जन्मलेले पहिले संत. सावलीत एक वयस्कर गृहस्थ बसले होते, सामवेदी बोलीच्या वळणाचं मराठी बोलणारे. त्यांनी आम्हाला सुकेळी दिली. वसईची केळी उन्हात वाळवून करतात ती. मामा नाशिकचे, घंटा बघत मोठे झालेले, हे कळल्यावर ते म्हणाले, "मी बघितलीय ती. मुलीकडे आलो होतो तेव्हा मुद्दाम गेलो. हात लावावासा वाटला, पण उंचावर आहे." मामा म्हणाले, "आम्ही सांभाळलीय हो." ते म्हणाले, "ते दिसलं मला."

या दोन वाक्यांनी मला जे वाटलं ते सांगायलाच हवं. वसईचा विजय हा आमच्या घरात अभिमानाचा विषय. आजीच्या आवाजात तो अभिमान होता आणि माझ्यातही आहे. पण ज्या मनोऱ्यातून घंटा उतरली त्याच्याकडे पाठ फिरवून तो अभिमान पुरा होत नाही. घंटा आपली झाली असेल तर मनोराही आपलाच झाला. दोन्ही सांभाळायला हवेत.

उन्हं कलल्यावर उत्तरेच्या तटाकडे गेलो, लढाई झाली त्या बाजूला. किल्ल्याला तीन बाजूंनी पाणी. जमिनीची वाट एकच, हीच. पोर्तुगिजांच्या जाचाला कंटाळून अंजूरच्या नाईकांसारख्या मंडळींनी पेशव्यांकडे दाद मागितली होती. मराठ्यांनी मार्च १७३७ मध्ये ठाणे शहर घेतलं, पण वसई दोन वर्षं दाद देईना. १७३९च्या फेब्रुवारीत चिमाजी आप्पा स्वतः येऊन बसले. वाळूतून खंदक खणत, तोफांच्या माऱ्यात पुढे सरकत माणसं तटाखाली पोचली आणि सुरुंग ठासले गेले. मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे दोघंही इथे होते. मेच्या मध्यात रेमेदी आणि सेबस्तियन या बुरुजांखाली सुरुंग उडाले, खिंडारं पडली आणि दोन दिवस हातघाई झाली. आप्पा म्हणाले, किल्ला हाती येत नसेल तर माझं मस्तक तोफेच्या तोंडी देऊन तरी आत टाका, अशी आख्यायिका आहे. आजी ती सांगायची तेव्हा तिचा हात गळ्याकडे जायचा.

किल्ल्याचा सेनापती सिल्व्हेरा द मेनेझिस आधीच पडला होता. त्याच्या जागी आलेल्या काएतानू द सौझा परेरा यानं पांढरं निशाण दाखवलं. कराराप्रमाणे फौजेला शस्त्रांसह, नगारे वाजवत, मानानं बाहेर पडू दिलं. सामान हलवायला आठ दिवसांची मुदत दिली. जे राहतील त्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक. ती फौज निघून गेल्यावर घंटा उतरल्या असणार. एक नाशकात, एक वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या घाटावर, तिच्यावर साल १७०७. एक भीमाशंकरला, तिच्यावर क्रूस आहे. आज भीमाशंकरला लोक घंटेला हात जोडतात, तेव्हा त्या क्रुसालाही जोडतात.

तटावर बसून मामांनी पुन्हा मनोऱ्याकडे पाहिलं आणि बोटं मोडत काहीतरी मोजायला लागले. विचारलं तर म्हणाले, "वरच्या कमानीच्या बाजूचे चिऱ्यांचे थर मोजतोय. थर कळले की उंची कळते." माझ्याकडून कागद घेतला, आकडा लिहिला आणि कमानीचं साधं चित्र काढलं. कशासाठी, ते सांगितलं नाही. परतीच्या बोटीत सबंध वेळ तो कागद त्यांच्या खिशातून डोकावत होता.

रविवार : धारावी आणि फोर्ट

सकाळी काळा किल्ला. ही मात्र धारावी तीच, सगळ्यांना माहीत असलेली. बेस्टच्या डेपोला काळा किल्ला नाव आहे, पण तिथे रोज उतरणाऱ्यांतल्या कितीजणांना खरा किल्ला माहीत असेल कोण जाणे. वस्तीतून विचारत गेलो. एका आजींनी नातवाला सोबत दिलं. दोन घरांच्या मधून बाहेर पडलो तर समोर काळ्या दगडाची भिंत. किल्ला कसला, मिठी नदीच्या काठावरचा टेहळणी बुरूजच तो. आत जायला धड दरवाजा नाही. भिंतीत बसवलेल्या शिळेवर इंग्रजीत कोरलंय की मुंबईचा गव्हर्नर जॉन हॉर्न याच्या हुकमानं १७३७ मध्ये बांधला.

मामांनी साल पुन्हा वाचायला लावलं. "सदतीस? ठाणं घेतलं तेच साल?"

तेच. खाडीपलीकडच्या साष्टीत मराठे उतरले त्या वर्षी अलीकडे हा बुरूज उभा राहिला. शुक्रवारी माहीमला, वांद्र्याला जे पाहिलं आणि काल वसईत जे पाहिलं, ते सगळं या एका आकड्यात एकत्र आलं. बुरुजाच्या अंगाला वाळत घातलेल्या साड्या होत्या आणि खाली मुलं क्रिकेट खेळत होती. बरोबर आलेला नातू म्हणाला, "आम्ही वरून नदी बघतो." तीनशे वर्षांपूर्वीचा पहारेकरीही वरून नदीच बघत होता.

तिथून लोकलनं सीएसएमटी. वसई पडल्यावर मुंबईचे व्यापारी इतके हादरले की शहराच्या कोटाभोवती खंदक खणायला त्यांनी ३०,००० रुपये वर्गणी काढली. १८६०च्या दशकात तट पाडून टाकले आणि खंदकही बुजला. चर्चगेट नावाचं गेट आता फक्त स्टेशनाच्या नावात आहे. सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या बाजूला जॉर्ज किल्ल्याच्या भिंतीचा एक तुकडा शिल्लक आहे, तो पाहिला. मामांनी नाणं वाजवलं, मान हलवली.

गाडीला वेळ होता म्हणून टॅक्सीनं ओव्हल मैदानावर जाऊन आलो. राजाबाई टॉवर मामांनी आधी पाहिला होता, पण पुन्हा बघायचा होता. १८७८चा, म्हणजे वसईपुढे तरुणच. ८५ मीटर उंच, कुर्ल्याचा पिवळट दगड. प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले आणि आईचं नाव दिलं. मैदानावर दहा-बारा सामने एकदम चालू होते. पावणेपाचचे टोले पडले तसे मामा उभ्या जागी थांबले आणि शेवटचा टोला विरेपर्यंत हलले नाहीत. "मनोरा वाजता असला की असा असतो," म्हणाले.

सव्वासहाला पंचवटी सुटली. खिडकीतून हात हलवताना दुसरा हात शर्टाच्या खिशावर होता, कागद आहे ना बघायला.

सोमवारी सकाळी साडेसातला फोन वाजला. मागे रामकुंडाचा गलबला, कुणीतरी संकल्प सांगत होतं.

"मामा, पोचलात का नीट? डोळ्यांत थेंब घातले?"

"घातले, घातले. ऐक. मी नारोशंकराच्या खाली उभा आहे, दुतोंड्या मारुतीच्या बाजूनं. कागद हातात आहे. घंटेच्या शेजारच्या भिंतीचे थर मोजतोय. मधे बोलू नकोस, चुकतं."

मी फोन कानाला लावून थांबले. पलीकडून एक, दोन, तीन असं हळूहळू ऐकू येत होतं.